सुटका झाली, पुढे काय?

जन्मठेप भोगून आलेला मनुष्य घरी परतला म्हणजे नातलगांना पहिली चिंता असते ती त्याच्या पोटापाण्याची, आणि दुसरी लोक काय म्हणतील याची. तिसरी एक अडचण पहिले आठ दिवस कोणाच्या ध्यानीमनीही नसते. तो बँकेच्या खिडकीपाशी किंवा दुकानाच्या गल्ल्यापाशी जाऊन उभा राहतो, तेव्हाच ती समोर येते.

हिशेब करून पाहू. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झालेल्यास निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष कारागृहात काढावी लागतात. १९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत हा दंडक आला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या संहितेतही तो कायम आहे. म्हणजे २००९ साली आत गेलेला मनुष्य फार लवकर म्हटले तरी २०२३-२४ मध्ये बाहेर येणार. या अवधीत बाहेर काय काय घडले? देशातील पहिला आधार क्रमांक २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या खेड्यात दिला गेला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्याच वर्षी फोनवरून थेट खात्यातून खात्यात पैसे पाठविण्याची यूपीआय ही व्यवस्था सुरू झाली. बटणांचा फोन जाऊन काचेचा आला. मधूनमधून पॅरोलवर येणाऱ्याला हे दिसत असते, नाही असे नाही. पण दिसणे वेगळे आणि हाताला वळण लागणे वेगळे. घरची मंडळीच सारे व्यवहार उरकतात आणि रजेचे दिवस भेटीगाठींतच संपून जातात.

खरी गोम आहे ती निराळ्याच ठिकाणी. सिमकार्ड घ्यायचे तर ओळखीचा पुरावा हवा. तो पुरावा पडताळायचा तर आधारला जोडलेल्या फोनवर सांकेतिक अंक येणार. तो फोन क्रमांक तर केव्हाच गेलेला असतो, कारण नव्वद दिवस वापर नसला की कंपनीला क्रमांक बंद करता येतो, आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो. आत असलेल्या माणसाच्या बँकेचा निरोप अशा वेळी भलत्याच गृहस्थाच्या खिशात वाजत असतो! खात्याची गतही तीच. दोन वर्षे उलाढाल झाली नाही की खाते निष्क्रिय ठरते आणि दहा वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तिथेही ती बुडत नाही. त्याच बँकेकडे मागणी केली की परत मिळते, आणि निष्क्रिय खाते पुन्हा सुरू करण्यास शुल्क आकारू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण हे सांगणार कोण?

आमच्यासारख्या शाळामास्तरांशी या प्रकरणाचा संबंध येतो तो दाखल्यापुरता. जन्मतारखेचा दुसरा कोणताच पुरावा हाती नसला म्हणजे लोक शाळेची वाट धरतात. हिंडलग्याच्या कारागृहातून सुटलेले एक पन्नाशीचे गृहस्थ असेच आमच्याकडे आले. आमच्याच शाळेत ते चौथीपर्यंत शिकले होते. जनरल रजिस्टरच्या जीर्ण पानावर नाव सापडले, जन्मतारीखही सापडली. दाखला घडी घालून खिशात ठेवताना ते म्हणाले, “गुरुजी, आत माझा नंबर मला पाठ होता. भाईर आलो तर नंबरच न्हाई.”

पुढे आधार केंद्रावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटेनात. वर्षानुवर्षे कष्ट केलेल्या हातांचे असे होतेच. शेतकरी आणि गवंडी यांचाही तोच अनुभव. अशा वेळी डोळ्यांची बुबुळे टिपून काम भागते, आणि तसेच भागले. फोन पुतण्याने घेऊन दिला. दुकानदाराने तो इंग्रजीत लावून दिला होता. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने त्यात काय वाचावे? भाषा बदलून मराठी केली, आणि ते अक्षर अक्षर लावून वाचू लागले. सीमाभागातल्या आपल्या घरांनी हे ध्यानात ठेवावे. फोनमध्ये मराठी असते, पण आपण होऊन ती निवडावी लागते.

त्यांना शिकवले पुतण्याच्या नववीतल्या मुलीने. तिची रीत आम्हांस आवडली. पहिल्या दिवशी फक्त फोन उचलणे आणि ठेवणे. दुसऱ्या दिवशी आलेला संदेश वाचणे. पैशांचा विषय तिने पंधरा दिवस काढलाच नाही, आणि काढला तेव्हा एक रुपया बापाला पाठवायला लावला. पैसे घेताना गुप्त अंक कधीच टाकावा लागत नाही, तो मागणारा लुच्चा समजावा, हे तिने त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. बी.एड. झालेल्या काही मास्तरांनाही इतका धीर नसतो.

एका धोक्याविषयी मात्र मोठ्यांनीच बोलावे लागते. पोलिसाच्या वेषात चित्रफोनवर येऊन ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा’ असे धमकावणाऱ्या टोळ्या देशभर फिरत आहेत. सुशिक्षित निवृत्त अधिकारीही त्यांना बळी पडले आहेत. मग ज्याने अटक खरोखर भोगली आहे, ज्याला पोलीस ठाण्याच्या नुसत्या नावानेही घाम फुटतो, त्याचे काय होईल? आपल्या कायद्यात अशी फोनवरची अटक मुळी नाहीच, हे त्याला स्वच्छ सांगून ठेवावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. जितका उशीर, तितका पैसा हातचा जाण्याचा संभव अधिक.

आत असतानाच थोडे शिकवता येणार नाही का? इग्नूची अभ्यासकेंद्रे देशातील पुष्कळ कारागृहांत आहेत, आणि काही ठिकाणी संगणकवर्गही चालतात. परंतु आत इंटरनेट नाही आणि फोन बाळगणे गुन्हा, त्यामुळे ते शिक्षण पाण्याबाहेर पोहणे शिकण्यासारखे राहते. सुरक्षेची अडचण आम्ही समजू शकतो. तरीही बँकेचे यंत्र, तिकिटाचे यंत्र, पैसे पाठविण्याची क्रिया यांची बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेली नक्कल सुटकेपूर्वीच्या महिन्यांत हाताळू दिली, तर कोणाचे काय बिघडेल? १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची मोकळी वसाहत उभी राहिली, तेव्हा कैद्यांच्या हाती कुदळी-फावडी देणेही पुष्कळांना धोक्याचे वाटले असेल. शांतारामबापूंचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ त्याच प्रयोगावरून निघाला.

तोवर घरच्यांनी करण्यासारखी कामे आहेत. अनेक कारागृहांत आधार नोंदणीची शिबिरे होतात, त्यात नाव घातले गेले की नाही हे भेटीच्या वेळी विचारावे. जुने पासबुक जपून ठेवावे. ते हरवले असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव घालून बेवारस ठेवींचा शोध घेता येतो. शाळेचा दाखला आधीच काढून ठेवावा. कागदपत्रांवाचून कोठे अडलेच, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो, आणि तो बटणांच्या जुन्या फोनवरूनही लागतो.