भिंतीच्या पोटात काय आहे?

अंबरनाथहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. त्यांच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत सल्लागारानं विटांच्या जागी स्टीलच्या सांगाड्याच्या, कारखान्यात तयार होणाऱ्या भिंती सुचवल्या. मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे पत्र्याच्या खोल्या का?" सभेत हशा पिकला आणि विषय बारगळला. पत्रलेखकांना मात्र उत्तर हवं आहे. अशी भिंत सात मजली इमारतीत टिकेल का, आणि घर खरंच स्वस्तात पडेल का?

तो पत्राच आहे, हे आधी मान्य करू या. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, वर जस्ताचा मुलामा. पत्र्याची गुंडाळी यंत्रात एका बाजूनं शिरते, रुळांच्या रांगेतून न तापवताच दुमडत पुढं सरकते आणि दुसऱ्या टोकाला इंग्रजी 'सी'च्या आकाराची पट्टी होऊन बाहेर पडते. नकाशाप्रमाणे नेमक्या लांबीला कापलेली, वायरी आणि पाइप जायला भोकं पाडलेली, आणि कोणत्या भिंतीत कितवी लागायची तो क्रमांक अंगावर छापलेली. जोडायच्या स्क्रूच्या टोकालाच ड्रिलचं पातं असतं, त्यामुळे तो स्वतःच भोक पाडत आत शिरतो. दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंतीचा उघडा सांगाडा चार माणसं सहज उचलतात. मग दोन्ही बाजूंनी सिमेंट-फायबरचे किंवा जिप्समचे बोर्ड, आणि मधल्या पोकळीत रॉकवूल किंवा हलकं काँक्रीट.

एवढ्याशा पत्र्यात बळ येतं कुठून? या अंकाचं एक पान काढा आणि दोन पुस्तकांच्या मधे आडवं ठेवा. ते लगेच लोंबकळेल. आता त्याच पानाच्या बोटभर रुंदीच्या उलटसुलट घड्या घाला आणि परत ठेवा. आता ते वर ठेवलेली छोटी वाटीही पेलेल. कागद तोच, वजन तेच. बळ आलं ते घडीच्या कडेतून.

उभी काठी दाबली की मोडण्याआधी ती वाकते, याचं गणित ऑयलरनं १७४४ सालीच मांडलं होतं. पत्र्याचं दुखणं वेगळं. दाब आला की त्याचा सपाट भाग आधी मधेच फुगतो, लाटा धरतो. लाट दिसली की पत्रा गेला, असंच बरेच अभियंते धरून चालत. १९३२ मध्ये विमानांच्या पातळ आवरणाचा विचार करताना थिओडोर फॉन कारमान यांनी दाखवलं, की लाट येते ती मधल्या भागात. कडेलगतच्या दोन पट्ट्या त्यानंतरही भार घेतच राहतात. पण विमानाच्या पंखातली ही गोष्ट घराच्या भिंतीत आणली ती जॉर्ज विंटर यांनी, आणि त्यांचं नाव आपल्याकडे स्थापत्यशास्त्राच्या वर्गाबाहेर जवळजवळ कुणालाच ठाऊक नाही. १९०७ साली व्हिएन्नात जन्म, म्युनिकमध्ये शिक्षण, काही वर्षं सोव्हिएत रशियात नोकरी आणि १९३८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात आगमन. पातळ पोलादाचे भाग तोवर बाजारात होते, पण त्यांचा हिशोब कसा करायचा याचे नियमच नव्हते. मग इमारतीला परवानगी कोण देणार? विंटर यांनी प्रयोगशाळेत पट्ट्यांवर पट्ट्या दाबून पाहिल्या. लाटा आल्यावर पत्र्याची किती रुंदी खऱ्या अर्थानं कामाची उरते, याचं सूत्र त्यांनी बसवलं. त्या कामावर उभी राहिलेली पहिली अमेरिकन मानकसंहिता १९४६ साली आली. आपल्याकडच्या 'आयएस ८०१' या १९७५ च्या मानकातही तोच विचार आहे. ते मानक मात्र आता फार जुनं झालं आहे आणि त्यातली हिशोबाची पद्धतही जुन्या वळणाची आहे. या तंत्राच्या जाहिरातींवर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग त्याच्या नूतनीकरणाकडे वळला असता तर फार बरं झालं असतं.

आता सात मजल्यांचं. नुसत्या एक मिलिमीटरच्या पट्ट्यांवर साधारण तीन-चार मजले उभे राहतात. त्यावर जायचं तर जाड पोलादाचे किंवा काँक्रीटचे खांब भार घेतात आणि पत्र्याची भिंत फक्त जागा भरते. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या लाइटहाउस प्रकल्पांची सहा शहरांत पायाभरणी झाली, प्रत्येकी सुमारे हजार घरांची. त्यात स्टीलच्या सांगाड्याचं तंत्र आगरताळ्याच्या वाट्याला आलं. तिथं तळमजला आणि वर सहा मजले आहेत, आणि हलक्या सांगाड्याला भारी सांगाड्याची जोड दिली आहे. आगरताळा भूकंपाच्या सर्वाधिक जोखमीच्या पट्ट्यात येतं, हे इथं महत्त्वाचं. जमीन हलते तेव्हा इमारतीवर येणारं बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतं. नऊ इंची विटांची, गिलावा केलेली भिंत दर चौरस मीटरला पावणेपाचशे किलोच्या आसपास भरते. बोर्ड आणि रॉकवूलची स्टील भिंत पन्नासच्या आसपास. ठाणे जिल्हा मध्यम जोखमीत येतो, तरी हा फरक पायापर्यंत पोचतो.

पण अंबरनाथशेजारच्या उल्हासनगरच्या संदर्भात मला या भिंतीचा वेगळाच गुण मोलाचा वाटतो.

दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची कल्याण छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचं घर झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उल्हासनगर असं नामकरण झालं. बराकींच्या जागी पुढं इमारती आल्या. त्यांतल्या अनधिकृत बांधकामांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००६ साली त्यांच्या नियमितीकरणासाठी खास कायदा करावा लागला. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत तिथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. साईशक्ती या इमारतीत वरचा स्लॅब खालच्यांना घेऊन तळापर्यंत आला आणि सात जणांचे प्राण गेले. नव्वदच्या दशकातल्या बांधकामांत वापरलेल्या निकृष्ट 'उलवा रेती'ची चर्चा त्यानंतर पुन्हा सुरू झाली.

काँक्रीट एकदा ओतलं की रेती कसली होती, सळ्या किती होत्या, पाणी किती घातलं, हे सगळं आत गडप होतं. वीस-पंचवीस वर्षांनी ते बाहेर येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. स्टीलच्या सांगाड्यात बोर्ड लावेपर्यंत प्रत्येक पट्टी डोळ्यांसमोर असते. जाडी मायक्रोमीटरनं मोजता येते, स्क्रू मोजता येतात, क्रमांक नकाशाशी ताडून पाहता येतो. सोसायटीतल्या एखाद्या निवृत्त फिटरलाही हे जमेल. अंबरनाथमध्ये तर आयुध निर्माणी आहे. अशी माणसं तिथं घरोघर सापडतील. तरी एक खबरदारी हवीच. स्लॅब आणि मुख्य खांब काँक्रीटचे ठेवले, तर भिंत कितीही चांगली असली तरी जुना धोका तिथंच राहतो.

आता स्वस्ताईबद्दल. भिंतीच्या चौरस फुटामागं स्टीलचा सांगाडा विटांपेक्षा स्वस्त पडत नाही. बहुतेकदा महागच पडतो. बदलापुरातल्या फ्लॅटच्या किमतीत जमीन, व्याज आणि परवानग्यांचा वाटा मोठा असतो, आणि भिंत बदलून त्यातलं काही हलत नाही. वेळ मात्र खरोखर वाचतो. सिडकोसाठी लार्सन अँड टुब्रोनं बामणडोंगरीला बारा मजल्यांची ९६ घरं ९६ दिवसांत उभी केली. तिथं तयार भाग काँक्रीटचे होते, पण तत्त्व हेच. धोकादायक म्हणून रिकाम्या केलेल्या इमारतीतली कुटुंबं वर्षानुवर्षं भाड्यानं राहतात, त्यांच्यासाठी एक पावसाळा वाचणं ही फार मोठी रक्कम आहे. म्हणून हे तंत्र मोकळ्या माळावरच्या नव्या टॉवरांआधी उल्हासनगरच्या पुनर्विकासात यायला हवं.

कारखान्यातल्या घरांची घाई आपण एकदा करून पाहिली आहे. जर्मनीतून हाकलले गेलेले वास्तुविशारद ओटो क्योनिग्सबर्गर, भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांचे भाचे, १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानात आले आणि स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक झाले. निर्वासितांसाठी दिल्लीच्या जंगपुऱ्यात तयार घरांचा कारखाना निघाला तो त्यांच्याच काळात. त्या हलक्या काँक्रीटच्या फलकांना तडे गेले, संसदेत टीका झाली, आणि १९५१ मध्ये क्योनिग्सबर्गर देश सोडून गेले. कारखाना पुढं वेगळी उत्पादनं काढून तगला. इथल्या हवेत आणि इथल्या कामगारांच्या हातून पुरेशी चाचणी होण्याआधीच तंत्राकडून घाऊक घरांची अपेक्षा धरली गेली, असं माझं मत आहे. याच माणसानं नंतर लंडनमध्ये उष्ण प्रदेशांतल्या वास्तुरचनेचं शिक्षण उभं केलं आणि सहकाऱ्यांबरोबर त्यावरचा प्रमाणग्रंथ लिहिला, हे आपण विसरून गेलो.

इथली हवा म्हणजे मुख्यतः पाणी. २६ जुलै २००५ चा पूर सगळ्यांना आठवतो. २०१९ च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली होती. जिप्समचा बोर्ड आगीत उत्तम, कारण त्याच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा रासायनिक बंधातलं पाणी असतं आणि ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचं स्टील फारसं तापत नाही. पुराच्या पाण्यात मात्र तो बोर्ड भिजून वाया जातो. उल्हास नदीच्या पट्ट्यात तळमजला मोकळा किंवा काँक्रीटचाच हवा.

दुसरा शत्रू गंज. मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचे भाग इंग्लंडमध्ये ओतून बोटीनं आणले होते. १८६० च्या दशकात रोलंड ऑर्डिशनं रचलेला तो सांगाडा समुद्राच्या हवेत, पुरेशा डागडुजीविना, आजही उभा आहे. पण ते जाड ओतीव लोखंड. एक मिलिमीटरच्या पत्र्याकडे गंजाला द्यायला काही शिल्लक नसतं, सगळी भिस्त जस्तावर. चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त म्हटलं तर ते दोन्ही बाजूंचं मिळून असतं. एका बाजूला थर येतो सुमारे २० मायक्रॉनचा. कोरड्या भिंतीत तो अनेक दशकं पुरतो. ओल्या, प्रदूषित हवेत वर्षाला दोन ते चार मायक्रॉन झिजतो. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक वसाहती आणि २०१४ मध्ये रसायनं ओतल्यावर शेकडो लोकांना रुग्णालयात पाठवणारी वालधुनी नदी जवळ असताना जस्ताच्या थरात काटकसर परवडणारी नाही. न्हाणीघराच्या भिंतीत तर नाहीच.

पत्रलेखकांनी विकासकाकडून एक गोष्ट लिहून घ्यावी. प्रत्येक भिंतीचा पट्ट्यांसकट नकाशा सोसायटीच्या ताब्यात मिळायला हवा आणि त्याची एक प्रत नगरपरिषदेत जमा व्हायला हवी. दहा वर्षांनी चौथ्या मजल्यावर कुणीतरी गिझर हलवेल, प्लंबर कटर घेऊन येईल, आणि पाइप वळवायला उभी पट्टी मधोमध कापेल. ती पट्टी भार घेणारी आहे की नुसतं बोर्ड धरणारी, हे त्याला कापण्याआधी समजलं पाहिजे.