पाइपच्या गॅसला खर्च किती?

पालघर जिल्ह्यात घरोघरी पाइपने गॅस पुरवण्याचा परवाना गुजरात गॅसला मिळाला आहे. तिथल्या चांदीप गावच्या घरमालकाने जोडणीचा खर्च विचारताना आधी हे पाहावं, की रस्त्याखालची मुख्य वाहिनी दारापर्यंत आली आहे का. नसेल, तर एकट्यासाठी कंपनी रस्ता खणत नाही.

आली असेल, तर मोठी रक्कम अनामतीची. केंद्रीय नियामक मंडळाच्या 2008च्या नियमांत तिची कमाल मर्यादा 5000 रुपये होती. आजचा आकडा अर्ज करताना विचारून घ्यावा. ही रक्कम बिनव्याजी, पण जोडणी सोडताना परत मिळणारी, म्हणून पावती जपून ठेवा. परत न मिळणारा खर्च वेगळाच: ठरलेल्या लांबीपलीकडचा पाइप. इमारतीत स्वयंपाकघरं एकावर एक असतात, म्हणून पाइप कमी लागतो. अंगणामागे चूल असलेल्या बैठ्या घराला हाच पाइप महाग पडतो.

शेगडी नवी घ्यावी लागत नाही. नैसर्गिक वायू सिलिंडरपेक्षा कमी दाबाने, साधारण 21 मिलिबारने येतो, म्हणून बर्नरचे जेट बदलतात. 14.2 किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता सुमारे 16 ते 18 घनमीटर गॅस देतो. दरांची तुलना याच हिशोबाने करा.