डोपामाइन म्हणजे आनंद नव्हे! गिऱ्हाईक, गल्ला आणि घरातली एक गोळी



'डोपामाइन वाढवा, सेल वाढवा' अशा रील्स तुम्हीही बघितल्या असतील. त्यात डोपामाइनला सरळ 'आनंदाचं रसायन' म्हणून टाकतात. संशोधन काही वेगळंच सांगतं. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

माकड, खूण आणि रसाचा थेंब

वोल्फ्राम शुल्ट्झ या संशोधकाने माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली. अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोरात कामाला लागायच्या. मग थेंबाच्या आधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. सवय झाल्यावर पेशी खुणेलाच जाग्या होऊ लागल्या, आणि रस मिळाला तेव्हा ढिम्म! खूण दाखवून रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली गेली.

म्हणजे काय, तर या पेशी 'किती मिळालं' ते बघत नाहीत. 'वाटलं होतं त्यापेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं' ते बघतात. आणि त्या फरकातून मेंदू शिकतो. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ही मांडणी केली.

दुकानात याचं काय?

माकडाचा प्रयोग जसाच्या तसा काउंटरवर लागू होतो असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट तुमच्याही ओळखीची असेल. रोज ५% सूट दिली की महिन्याभरात ती सूट राहत नाही, तोच भाव होतो. एक दिवस बंद करून बघा, गिऱ्हाईक नाराज! त्याउलट जुन्या गिऱ्हाइकाला न सांगता एखादी छोटी वस्तू पिशवीत टाका. खर्च कमी, आठवण जास्त.

आता 'स्क्रॅच कार्ड' आणि लकी ड्रॉ. २००३ च्या प्रयोगात शुल्ट्झ यांच्या गटाला दिसलं, की बक्षिसाची शक्यता निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट बघतानाची या पेशींची हालचाल सर्वांत जास्त वाढते. जुगाराची ओढ इथेच असू शकते. म्हणून माझं स्पष्ट मत: सणाला एकदा लकी ड्रॉ ठीक, पण धंदा त्यावर उभा करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं

पार्किन्सन आजारात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हात थरथरतात, हालचाल मंदावते. त्यावर प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशी डोपामाइनसारखं काम करणारी औषधं देतात. त्यांचा खूप जणांना फायदा होतो. पण २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की अशी औषधं घेणाऱ्या १७.१% रुग्णांना जुगार, बेसुमार खरेदी, अति खाणं किंवा लैंगिक वर्तन यांपैकी काहीतरी आवरत नव्हतं. ती न घेणाऱ्यांत हेच प्रमाण ६.९% होतं. संशोधकांचं एक स्पष्टीकरण असं, की औषधामुळे हरल्यावरचा तो 'खाली जाण्याचा' इशारा मेंदूला नीट मिळतच नाही.

आपल्याकडे बऱ्याच दुकानांत गल्ल्यावर अजून वडील किंवा काका बसतात. आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेला माणूस अचानक लॉटरी, ऑनलाइन रमी किंवा नको तेवढा माल भरायला लागला, तर 'म्हातारपणी अक्कल गेली' म्हणू नका. आधी विचारा, कोणती औषधं चालू आहेत? मग त्यांना घेऊन न्यूरोलॉजिस्टकडे जा आणि सगळं मोकळेपणाने सांगा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका, त्याने त्रास वाढू शकतो. डोस किंवा औषध बदलायचं ते डॉक्टर ठरवतील. तोवर मोठे व्यवहार दोघांच्या सहीने करा.

भांडण टळेल, गल्लाही वाचेल आणि माणसाचा मानही राहील.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली कोणती सूट आता 'भाव' झाली आहे? वहीत लिहा आणि कमेंटमध्ये सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!