प्राचीन इजिप्तमधील देवदेवतांचे अध्यापन : मालवण परिसरातील ग्रामदेवतांच्या संदर्भात

प्रस्तावना :
प्राचीन संस्कृतींच्या अध्यापनात इजिप्तमधील देवदेवता हा घटक बहुधा नावांच्या यादीपुरता उरतो. ओसायरिस मृतांचा, थोथ लेखनाचा, हाथोर ही गोरूप देवी, एवढे पाठ केले जाते. या देवता समाजात कोणते कार्य करीत, हा प्रश्न बाजूला पडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विद्यार्थ्याजवळ मात्र ग्रामदेवतांचा जिवंत अनुभव असतो. त्या आधारे हा घटक कसा शिकविता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रूप आणि प्रतीक :
कोल्ह्याचे मस्तक असलेला अ‍ॅन्युबिस पाहून विद्यार्थ्यांना हसू येते. रोमन कवी ज्युव्हेनल यानेही इजिप्शियनांच्या प्राणिपूजेचा उपहास केला होता. अशा वेळी सातेरीचे उदाहरण उपयोगी पडते. सातेरीची पूजा अनेक गावांत वारुळाच्या रूपात होते. पण भाविक वाळवीची पूजा करीत नाही, तो भूमातेला वंदन करतो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात वारूळ आणि भूमीची सर्जनशक्ती यांचा संबंध उलगडला आहे. वाळवंटाच्या कडेला असलेल्या दफनभूमीत कोल्हे वावरत; म्हणून मृतांचा रक्षक त्या रूपात कल्पिला गेला असावा, असे अभ्यासक मानतात. रूप हे देवतेचे छायाचित्र नसून तिच्या कार्याची खूण आहे, हे येथे स्पष्ट होते.

देवतेचा निर्णय :
कोकणात देवाला कळे किंवा तांदूळ लावून कौल घेतला जातो. मसुरे येथील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नाही; तिचा दिवस कौलानेच निश्चित होतो. इजिप्तमध्ये नवराज्यकाळात (सुमारे इ. स. पू. १५५० ते १०७०) पुरोहितांच्या खांद्यावरील देवमूर्तीपुढे प्रश्न ठेवला जाई. मूर्ती पुढे सरकली तर होकार, मागे हटली तर नकार. देर एल्-मदिना या कारागिरांच्या वस्तीत दैवतरूप पावलेल्या पहिल्या आमेनहोतेप राजाला चोरी, घराची मालकी अशा तक्रारींवर कौल मागितला जाई. तेथे खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहिलेले असे प्रश्न सापडले आहेत. देव ही न्यायसंस्था कशी होते, हे विद्यार्थ्याला यावरून सहज उमगते.

देवाचा प्रवास :
दिवाळी पाडव्याला मालवणात रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. ओपेत उत्सवात आमुनची नौकारूप पालखी कार्नाकहून लक्सॉरला जाई. एरवी गाभाऱ्यातील मूर्तीचे दर्शन सामान्यांना नसे. त्यामुळे उत्सव हीच देवाच्या सान्निध्याची संधी होती.

साम्याची मर्यादा :
वरील साम्यावरून दोन्ही परंपरांचा ऐतिहासिक संबंध सिद्ध होत नाही, हे अध्यापकाने निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. समान गरजांतून समान प्रथा स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकतात. शिवाय इजिप्तमधील मंदिरव्यवस्था राजसत्तेशी निगडित होती, तर कोकणातील गावऱ्हाटी गावातील मानकऱ्यांवर उभी आहे. मृताचे हृदय मातच्या पिसासमोर तोलण्याची कल्पना ग्रामदेवतांच्या चौकटीत बसत नाही. ती इजिप्तच्या मरणोत्तर जीवनविषयक विचारातूनच शिकविली पाहिजे.

निष्कर्ष :
इजिप्तचे देव लेखांतून कळतात. फिले येथील इ. स. ३९४ चा लेख हा चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख होय. पुढे ती लिपी वाचणारे उरले नाहीत आणि १८२२ मध्ये शाम्पोलियोंने तिची उकल करेपर्यंत ते ज्ञान मूक राहिले. गावऱ्हाटीचे ज्ञान तर मुख्यतः मौखिक आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातील देवता, मानकरी, गाऱ्हाणे आणि कौलाची पद्धत यांची नोंद करावी आणि ती इजिप्तच्या साधनांशी ताडून पाहावी, असा स्वाध्याय द्यावा. त्यामुळे परक्या संस्कृतीविषयीचा उपहास मावळेल आणि आपल्या परंपरेकडेही अभ्यासकाच्या दृष्टीने पाहण्याची सवय लागेल.