एका कागदावर 144 मीटर

60 सेंटिमीटर रुंद, 48 सेंटिमीटर उंच असा कागद घ्या. दोन-दोन मिलिमीटरवर आडव्या रेघा मारत चला. कागद भरेपर्यंत 240 रेघा होतात. एकापुढे एक ठेवल्या तर 144 मीटर. अंतर निम्मं केलं तर 288. हिशेब माझा आहे, पण नसरीन मोहमदींची शाईची चित्रं पाहताना तो केल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या कागदावर रेघा मध्येच दाट होतात, तिरक्या निघतात, पुसट होत संपतात. ड्राफ्टिंगचं टेबल, पट्टी, पेन, पेन्सिल, एवढंच सामान. शाईचा एक थेंब सांडला की अख्खी मेहनत वाया!

नसरीन 1937 साली कराचीत जन्मल्या, मुंबईत वाढल्या. वडिलांचं बहरीनमध्ये छायाचित्रणाच्या साहित्याचं दुकान होतं. तिथलं वाळवंट, समुद्र, रिकामं क्षितिज त्यांनी कॅमेऱ्यात टिपलं, आणि तीच विरळ भूमी पुढे रेघांत उतरली असं मला ठामपणे वाटतं. अरब जगातल्या अमूर्त चित्रकलेची गोष्ट सांगताना बैरूतच्या सलवा रौदा शुकैर आणि अम्मानला स्थायिक झालेल्या तुर्की चित्रकार फख्रुन्निसा झैद यांची नावं घेतली जातात. मुंबई-बहरीन हा धागाही त्या गोष्टीला जोडायला हवा.

आता आकार पाहा. झैद यांचं 1951चं ‘माझा नरक’ हे चित्र दोन मीटर उंच, पाच मीटरहून रुंद. वरचे पस्तीसेक कागद त्यात सहज मावतील. त्यांचंच दुसरं एक चित्र 2013 साली दुबईत 27 लाख डॉलरहून अधिक किमतीला विकलं गेलं. नसरीन यांनी मात्र बहुतेक चित्रांना नावही दिलं नाही, तारीखही घातली नाही. 1972पासून त्या बडोद्यात शिकवत राहिल्या. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने हालचालींवरचा ताबा सुटत गेला. तरी रेघ ढळली नाही. 1990 साली अलिबागजवळच्या किहीमला त्या गेल्या. 26 वर्षांनी न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने ब्रॉयर इमारतीत नवं दालन उघडलं, तेव्हा पहिल्याच प्रदर्शनांत त्यांची 130हून अधिक कामं होती.

वाशिमच्या शाळांतून एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलींनी आणि त्यांच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी एक कागद असा भरून पाहावा. 240 रेघा, एकही न चुकता.