ऊर्जाकार्यक्षमता व भाडेमूल्य, कार्यालयीन इमारतींचे

प्रकाश, वातानुकूलन, वायुवीजन, उद्वाहने इ. सोयी कमीत कमी ऊर्जा वापरून पुरविण्याच्या इमारतीच्या क्षमतेस तिची ऊर्जाकार्यक्षमता म्हणतात. ती सामान्यतः दर चौ. मी. क्षेत्रास वर्षाला लागणाऱ्या विजेच्या एककांत (युनिटांत) व्यक्त करतात. कार्यालयीन इमारतीचे भाडे मुख्यत्वे स्थान, वय, बांधणीचा दर्जा व जागेची मागणी यांवर ठरते. ऊर्जाकार्यक्षमतेचा प्रभाव त्यामानाने लहान, परंतु मोजता येण्याजोगा असतो.

उष्णतारोधक काचा, कार्यक्षम शीतन यंत्रे इत्यादींचा भांडवली खर्च मालकाला करावा लागतो; विजेचे देयक मात्र पुष्कळदा भाडेकरू भरतो. खर्च एकाचा व लाभ दुसऱ्याचा, अशी स्थिती झाल्याने किफायतशीर सुधारणाही रेंगाळतात. याउलट विजेचा आकार भाड्यातच समाविष्ट असल्यास काटकसर करण्याचे भाडेकरूस कारण उरत नाही. बचतीचा काही भाग वाढीव भाड्याच्या रूपाने मालकाकडे आला, तरच ही कोंडी सुटते. उदा., वार्षिक वीजवापर दर चौ. मी.स २०० वरून १४० एककांवर आला आणि विजेचा दर एककास १० रु. धरला, तर दरमहा ५० रु. वाचतात. त्यांपैकी २० रु. भाड्यात वाढले, तरी भाडेकरूचा एकूण खर्च ३० रुपयांनी घटतो. मालकाचे वार्षिक उत्पन्न २४० रुपयांनी वाढते. वार्षिक ८ टक्के परताव्याच्या हिशेबाने मालमत्तेचे मूल्य ३,००० रुपयांनी वाढते.

अशी भाडेवाढ प्रत्यक्षात आढळते. पीट आइखहोल्ट्स, निल्स कॉक व जॉन क्विग्ली यांनी अमेरिकेतील प्रमाणित कार्यालयीन इमारतींची जवळपासच्या अप्रमाणित इमारतींशी तुलना केली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रमाणित इमारतींचे भाडे सु. ३ टक्क्यांनी अधिक आढळले; विक्रीमूल्यातील वाढ १६ टक्क्यांपर्यंत असू शकते, असा अंदाज निघाला. तथापि या वाढीत विजेच्या बचतीबरोबरच प्रतिष्ठेचाही वाटा असू शकतो.

भाडेकरूला बचत आधी दिसत नाही. म्हणून विश्वसनीय मापन व त्याचे प्रकटन आवश्यक ठरते. ऑस्ट्रेलियातील ‘नेबर्स’ पद्धतीत बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष वापरावरून तारांकन करतात. मालकाच्या ताब्यातील सामाईक यंत्रणा व भाडेकरूचा वापर यांचे मूल्यांकन तीत वेगवेगळे करता येत असल्याने जबाबदारी स्पष्ट होते. तेथे मोठ्या कार्यालयीन जागा विकताना वा भाड्याने देताना हे तारांकन जाहीर करण्याची सक्ती २०१० मध्ये झाली. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००९ मध्ये कार्यालयीन इमारतींसाठी ऐच्छिक तारांकन योजना सुरू केली.

काही देशांत कार्यक्षमता ही भाड्याने देण्याची पूर्वअटच झाली आहे. इंग्लंड व वेल्समध्ये ‘ई’ श्रेणीहून खालच्या व्यापारी जागांचे नवे भाडेकरार करण्यास एप्रिल २०१८ पासून, तर चालू करार पुढे ठेवण्यास एप्रिल २०२३ पासून, नोंदलेले अपवाद वगळता, मनाई आहे. त्यामुळे कार्यक्षम इमारतीस अधिक भाडे मिळण्यापेक्षा अकार्यक्षम इमारतीचे भाडे अजिबात बंद होण्याचा धोका तेथील मालकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.