आपला डाव, आपली चूक आणि संगणक

बुद्धिबळाच्या स्पर्धेत डाव हरलेला मुलगा सभागृहाबाहेर येतो, वडिलांच्या हातातला फोन घेतो आणि डावातल्या खेळ्या भराभर एका प्रोग्रॅममध्ये भरतो. या प्रोग्रॅमला बुद्धिबळपटू ‘इंजिन’ म्हणतात. काही सेकंदांत निकाल येतो : तेविसावी खेळी चुकली, उंटाऐवजी घोडा हलवायला हवा होता. मुलगा मान डोलावतो, फोन परत देतो. पुढच्या स्पर्धेत मात्र तशीच चूक पुन्हा होते. असे का व्हावे?

इंजिनच्या ताकदीबद्दल शंका नको. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘डीप ब्लू’ने त्या वेळचा जगज्जेता गॅरी कास्पारॉव्ह याला साडेतीन-अडीच गुणांनी हरवले. त्यासाठी खास बांधलेला महासंगणक लागला होता. आज ‘स्टॉकफिश’सारखे इंजिन फुकट मिळते, साध्या फोनवर चालते आणि कोणत्याही जगज्जेत्यापेक्षा सरस खेळते. पण ते खेळी सांगते; आपल्याला ती का सुचली नाही, हे त्याला ठाऊक नसते.

याचे एक गाजलेले उदाहरण आहे. २००६ साली जर्मनीत बॉन येथे जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिक ‘डीप फ्रिट्झ’ या इंजिनविरुद्ध खेळत होता. दुसऱ्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्याने वजीर ई-३ घरात नेला आणि पुढच्याच खेळीला त्याच्यावर मात झाली. एका खेळीतली मात! नवशिक्यालाही दिसावी अशी. ती इंजिन क्षणात दाखवते. पण जगज्जेत्याला ती का दिसली नाही? क्रॅमनिकने ही मालिका बरीच आधी मोजून ठेवली होती. शिवाय मात देणाऱ्या वजिराला पाठबळ देणारा घोडा थेट काळ्याच्या पहिल्या ओळीत जाऊन बसला होता. मातेचे असे चित्र डावात क्वचितच दिसते. डोळ्यांना सवय नसलेले चित्र निसटले, असा अंदाज जाणकारांनी केला. हे उत्तर इंजिनच्या आकड्यात नाही. ते माणसाच्या विचारातच शोधावे लागते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. डाव संपल्यावर शक्य असेल तर प्रतिस्पर्ध्याबरोबर पट मांडा. आपल्याला न दिसलेल्या कितीतरी गोष्टी त्याने पाहिलेल्या असतात. मग घरी नोंदीचा कागद समोर ठेवून, इंजिन बंद ठेवून, डाव एकदा सावकाश खेळून बघा. कुठे काय मनात होते, कोणती खेळी टाळली, कुठे घड्याळाची भीती वाटली, ते त्याच दिवशी लिहून काढा. दोन दिवसांनी आठवत नाही. डाव कुठे फिरला असे वाटते, त्या तीन-चार जागांवर खुणा करा.

आता इंजिन सुरू करा. ते एक आकडा दाखवते. अधिक म्हणजे पांढऱ्याची बाजू वरचढ, उणे म्हणजे काळ्याची. एक म्हणजे ढोबळमानाने एका प्याद्याइतका फायदा. आकडा पाव-अर्ध्याने हलला तर मनाला लावून घेऊ नका. तो एकदम दोन-तीनने घसरतो, तिथे थांबा. शून्य दिसले म्हणजे डाव सोपा, असेही नाही. कधीकधी एकच अवघड वाट बरोबरीकडे जाते आणि ती इंजिनलाच दिसते. इंजिनची खेळी नुसती वाचू नका. तुमच्या मनातली खेळी पटावर करा आणि इंजिन तिला काय उत्तर देते ते पाहा. खरे शिक्षण त्या उत्तरात असते.

शेवटी प्रत्येक मोठ्या चुकीपुढे कारण लिहा : खेळी दिसलीच नाही, दिसली पण हिशेब चुकला, वेळ संपत आला होता, की जिंकत आलो म्हणून सैल पडलो? अशा दहा-पंधरा डावांची वही झाली की आपले दुखणे आपल्यालाच दिसू लागते. वेळेचे भान नसलेल्याने शेकडो कोडी सोडवली तरी फारसे साधत नाही. त्याने घड्याळाशी मैत्री करायला हवी.

१९४८ साली जगज्जेता झालेला मिखाईल बॉटविनिक स्वतःच्या डावांचे विश्लेषण छापून प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरी, कारण मग लोक त्यातल्या चुका दाखवतात. तो विद्युत अभियंता होता आणि पुढे त्याने बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्रॅम घडवण्यासाठी वर्षानुवर्षे काम केले. चुका दाखवणारा तो कठोर वाचक आज प्रत्येकाच्या खिशात आहे. फक्त त्याच्यापुढे ठेवायला आधी आपले स्वतःचे काहीतरी लिहिलेले हवे. मुलगा डाव हरून आला तर फोन थोडा वेळ बाजूला ठेवा आणि विचारा, ‘‘तेव्हा तुझ्या मनात काय होते?’’ हा प्रश्न इंजिन कधीच विचारत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)